मला उचलू नका

त्या दिवशी सकाळी गॅसवरचं दुधाचं पातेलं उतरवायला गेले आणि ते उचललंच जाईना. लिटरभर दूध, काही फार जड नव्हे. सांडशी नीट धरली होती, बोटंही जागच्या जागी होती, पण दाबच बसेना. दूध उतू गेलं आणि मी नुसती बघत उभी. सासूबाई आतून ओरडल्या, "अगं, करपल्याचा वास येतोय! ध्यान कुठं हाय तुजं?" मी म्हटलं, आई, रात्री झोप झाली नसेल.

दुपारी जिना चढताना गुडघे दोनदा दुमडले. संध्याकाळी पलंगावरून उठताच येईना. दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रश करताना चूळ भरली आणि पाणी ओठांच्या कडेनं आपोआप बाहेर आलं. तेव्हा मात्र माझे यजमान विलास शेजारच्यांची गाडी घेऊन आले.

मी वैशाली. वय बेचाळीस, राहणार कळंबा. शिरोलीच्या एमआयडीसीत एका मशीन शॉपमध्ये तपासणीचं काम करते. तिथं लोखंडी सुटे भाग बनतात. ते ड्रॉइंगप्रमाणे झालेत की नाही ते मापायचं, बरोबर असले तर पुढं सोडायचे, नसले तर लाल रंग मारून बाजूला काढायचे, हे माझं काम. कुठल्याही गोष्टीवर पहिल्या फटक्यात विश्वास ठेवायचा नाही, ही सवय त्यातूनच लागली. हे मी माझ्यासारख्या आजारातून गेलेल्यांसाठी लिहितेय, आणि त्यांच्या मालकांसाठीही. मालकांसाठी थोडं जास्तच.

नाव कळलं तो दिवस

डॉक्टरांनी छोट्या हातोडीनं गुडघ्यावर टकटक केलं. पाय हलला नाही. दुसऱ्या गुडघ्यावर केलं, तोही हलला नाही. मग त्यांनी विचारलं, "गेल्या काही दिवसांत पोट बिघडलं होतं का?" बिघडलं होतं. एका लग्नाहून आल्यावर जुलाब लागले होते, आपोआप थांबले, मी विसरूनही गेले होते.

"जीबीएस आहे," ते म्हणाले. "पोटातल्या जंतूंशी लढता लढता शरीर चुकून स्वतःच्याच नसांवर उठतं."

मला खरं वाटेना. मी तीनदा विचारलं, माझंच शरीर? एवढी वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधल्या आणि माझ्याच आत एवढी मोठी गफलत झालेली मला कळू नये, याचा मला आजाराइतकाच धक्का बसला.

विलास म्हणाले, "पण बरं होतंय न्हवं हे?"

"बहुतेक जण होतात. किती वेळ लागेल ते सांगता येत नाही."

विलासना 'होतात' एवढंच ऐकू आलं. मला 'बहुतेक' ऐकू आलं.

छताकडे बघत

पुढचे दिवस मी आयसीयूत काढले. श्वास कमी पडायला लागला म्हणून घशात नळी घातली. बोलता येईना, मान वळेना. डोळ्यांच्या पापण्या तेवढ्या माझ्या ताब्यात होत्या, त्याही कशाबशा. पहाटे अंग पुसायचं, मग रक्त काढायचं, मग डॉक्टरांची फेरी, मग भेटायची वेळ, मग परत अंग फिरवायचं. माझ्या डोक्यावरच्या छताची एक टाइल बाकीच्यांपेक्षा किंचित खाली आली होती. ती कुणी बसवली आणि तपासली कुणी, या विचारात मी कितीतरी दुपारी घालवल्या.

भीती दोन गोष्टींची होती. एक श्वासाची. नळी काढतील तेव्हा छाती आपणहून वर येईल का, ही. दुसरी सांगायची लाज वाटते, पण सांगते. माझ्या जागेवर एव्हाना दुसरं कुणीतरी बसलं असेल, ही.

तिथं आजऱ्याकडची एक नर्स होती. ती मला हात लावायच्या आधी दर वेळी वाकून विचारायची, "ताई, कूस बदलूया काय?" आणि माझी पापणी मिटेपर्यंत थांबायची. बाकी सगळे प्रेमानं, घाईघाईनं, न विचारता उलथंपालथं करायचे. तिची पाळी असली की मला झोप लागायची.

घरी

नळी निघाली, छाती आपणहून वर आली. पुढं बरेच महिने घर आणि फिजिओथेरपी. हात हळूहळू परतले, अर्धेमुर्धे. पाय परतले पण पावलं नाहीत. पावलं पुढं लोंबतात, चालताना बोटं जमिनीला घासतात आणि माणूस तोंडावर पडतो. त्यासाठी पोटरीपासून तळव्यापर्यंत प्लास्टिकच्या पट्ट्या मिळाल्या, त्यांना स्प्लिंट म्हणतात. त्या बुटात बसतात. बूट आणि स्प्लिंट असले की मी काठी घेऊन चालते. नसले तर दोन पावलंही नाही.

आजारपणात घरचे लोक देवासारखे वागतात असं लिहायची पद्धत आहे. आमच्याकडे तसं झालं नाही. विलास मला आंघोळ घालायचे, केस बांधायचे, आणि एके दिवशी ब्लाऊजचा हुक लागेना तेव्हा त्यांनी टॉवेल भिंतीवर फेकला आणि निघून गेले. मी उघड्या पाठीनं तशीच बसून राहिले. फार राग आला, आणि त्यांचीच दयाही आली. तासाभरानं परत आले, माझे सगळे ब्लाऊज पिशवीत भरले आणि शिंप्याकडे नेऊन हुकांच्या जागी चिकटपट्ट्या लावून आणल्या. सॉरी वगैरे काही म्हणाले नाहीत.

स्वागत

आमच्या शॉपचे मालक अण्णा. वडिलांच्या एका जुन्या लेथ मशीनवर सुरू केलेला धंदा त्यांनी वाढवला. ते आयसीयूच्या बाहेर येऊन विलासना सांगून गेले होते, "वैशालीची जागा मी कुनाला देनार न्हाय. तिला म्हनावं, फक्त बरी हो." विलासनी हे सांगितलं तेव्हा मी नळीसकट रडले होते. आणि अण्णांनी शब्द पाळला. सगळेच मालक पाळत नाहीत, म्हणून हे आधी सांगते.

कामावर परतले त्या दिवशी गेटवर माझा फोटो असलेला मोठा फ्लेक्स. कुणाच्या तरी लग्नातला फोटो कापून लावलेला, भरजरी साडीत मी. 'आमच्या लढवय्या भगिनीचे हार्दिक स्वागत'. खाली शॉपमधल्या झाडून सगळ्यांचे चेहरे. पायऱ्यांच्या जागी नवा कोरा रॅम्प, त्याला फीत बांधलेली. शाल झाली, श्रीफळ झालं. नारळ माझ्या हातात टिकला नाही, घरंगळत पार मशीनखाली गेला आणि चार-पाच जण एकदम तो काढायला वाकले. मग अण्णा बोलायला उभे राहिले, "आमच्या दिव्यांग भगिनी आज परत आल्या."

मी मागं वळून बघितलं. खरंच बघितलं. मला वाटलं, आणखी कुणीतरी आलं असेल.

एवढ्या महिन्यांत तो शब्द मला कुणी लावला नव्हता. शब्दात वाईट काही नाही. पण तो माझ्यासाठी होता हे कळायला मला भाषण संपेपर्यंत वेळ लागला, आणि तोवर टाळ्या सुरू झाल्या होत्या.

त्यानंतर अण्णांनी मला दारातल्या टेबलाशी बसवलं. नवी गुबगुबीत खुर्ची, डोक्यावर पंखा. "हितं बसायचं. आल्यागेल्या पावण्यास्नी नमस्कार करायचा. पगार चालू हाय तुजा, काय कमी पडनार न्हाय."

"आणि माझं काम?"

"आता कशाला काम? लई केलंस की."

चांगभलं

तपासणीची खोली वेगळी असते. एसी, काचेचं दार, आत मापायचं मोठं यंत्र. धूळ चालत नाही. आमच्याकडे तर चप्पलही चालत नाही, कारण अण्णांच्या लेखी ते यंत्र म्हणजे लक्ष्मी. खंडेनवमीला त्याला झेंडूची माळ पडते. देवळात जावं तसं सगळे अनवाणी आत जातात, बाहेरून आलेले इंजिनिअरसुद्धा. त्यात कुणाला कधी काही वावगं वाटलं नाही. मलाही नाही.

मी हट्टच धरला, मला आत जायचंय, माझं काम आत आहे. दारापर्यंत चालत गेले आणि थबकले. बूट काढले तर चालता येत नाही. बूट घालून आत जाता येत नाही. सगळ्यांना एकदमच कळलं. अण्णा दाराकडे बघायला लागले, दार काही बोलेना.

बाबासो आमचा जुना ऑपरेटर, दणकट गडी. तो पुढं आला. "त्यात काय एवढं? आमी हाय न्हवं?" चौघांनी खुर्ची आणली, मला बसवलं, कुणीतरी माझे बूट आणि स्प्लिंट काढून बाहेरच्या रॅकवर ठेवले, आणि खुर्चीसकट मला उचललं. "ज्योतिबाच्या नावानं..." बाबासो ओरडला. "चांगभलं!" सगळा शॉप ओरडला.

मी हसले. धक्क्यानं माणूस हसतं हे मला तेव्हा कळलं.

दुसऱ्या दिवशी परत तसंच. तिसऱ्या दिवशी कुणीतरी व्हिडिओ काढला. संध्याकाळपर्यंत तो मुरगूडला माझ्या माहेरी पोचला, भावानं फोन करून सांगितलं, "तायडे, नशीब काढलंस. असली माणसं मिळत न्हाईत." अण्णांनी तो स्टेटसला ठेवला होता. त्यात माझे उघडे, लोंबणारे पाय स्वच्छ दिसत होते. ते पाय तोवर विलास आणि सासूबाईंशिवाय कुणाला दिसले नव्हते.

पण तक्रार कुणाकडं करायची? कुणी टोमणा मारला असता तर चार शब्द सुनावले असते. ही माणसं मशीन बंद ठेवून, घाम पुसून, हसत मला उचलायला येत होती.

पाणी

आत एकदा बसवलं की बाहेर यायला परत चौघं लागायची. बाथरूमला जायचं म्हणजे शॉपभर हाक जायची, चार मशिनं थांबायची, चांगभलं व्हायचं. दोन दिवस मी हे केलं. मग पाणी प्यायचं सोडून दिलं. चहा पण. सकाळी घरी घोटभर घेतलं की संध्याकाळपर्यंत घसा कोरडा. बाटली टेबलावर भरलेली असायची, कुणाला शंका नको म्हणून निघताना बेसिनमध्ये ओतून द्यायची.

व्हायचं ते झालं. हुडहुडी भरली, ताप चढला, लघवीला आग. परत तेच हॉस्पिटल, तोच वास, तोच गाऊन. डॉक्टर चिडले. "पाणी पीत नाही का तुम्ही? एवढ्यातून वाचलात आणि आता किडनीला धक्का लावून घेताय?"

मग मला सांगावं लागलं, विलास बाजूला उभे असताना. ते ऐकत राहिले. त्यांचा चेहरा उतरला. डॉक्टर गेल्यावर म्हणाले, "मला का सांगितलं न्हाईस?"

"तुम्हीच तो व्हिडिओ सगळ्यांना दाखवत होता की."

"सोड ती नोकरी. घरात बस. ती माणसं एवढं करत्यात आणि आपण त्यांना नावं ठेवायची, बरं दिसतंय का?"

"मला नोकरी सोडायची नाही. मला उचलून घ्यायचं नाही एवढंच."

त्या रात्री आमचं जेवढं भांडण झालं तेवढं आजारात कधी झालं नव्हतं. ते माझ्या भल्यासाठी भांडत होते, आणि मला दिसत होतं की एकदा घरात बसले की मी परत बाहेर पडणार नाही. सलाईनच्या बाटलीपेक्षा मला त्याची जास्त भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी फिजिओथेरपिस्ट बाई बघायला आल्या. त्यांना सगळं सांगितलं तर त्या आधी चांगभलंवर हसल्या, मग म्हणाल्या, "अहो, बुटाची दुसरी जोडी आत ठेवा ना. रस्त्यावर कधी न वापरलेली."

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. चार माणसं, खुर्ची, फ्लेक्स, रॅम्प, आणि उत्तर काय तर एक जादा बुटाची जोडी. चूक शोधण्याचा पगार मी घेते आणि हे मला सुचू नये? त्या खोलीत पायात काही असू शकतं, हेच माझ्या डोक्यात शिरलं नव्हतं. अण्णांच्याही नाही, कुणाच्याच नाही.

अण्णांसमोर

बरी झाल्यावर थेट अण्णांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी चहा मागवला. मी तो प्यायले, मुद्दाम, पूर्ण.

"अण्णा, मला उचलू नका."

"का गं? कुनी काय बोललं?"

"नाही. सगळे फार चांगले वागतात."

"मग?"

मी सगळं सांगितलं. पाण्याचंही. बाईमाणसानं मालकासमोर बाथरूमचं बोलायचं म्हणजे कान तापतात, पण बोलले. अण्णा खुर्चीत मागं टेकले. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि मग एकदम राग आला.

"म्हंजे आमी चुकलो व्हय?"

"व्हय."

असं तोंडावर त्यांना कुणी म्हटलं नसावं. ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत बसले. "रॅम्प केला, खुर्ची आनली, पोरं मनापास्नं उचलत्यात. तुला तरास व्हतोय तर बोलली का न्हाईस?"

"तुम्ही विचारलं का नाही?"

अण्णांनी पेपरवेट खाली ठेवला. मग मी बुटांचं सांगितलं. त्यांच्या कपाळावर आठी आली. "आत बूट? अगं, लक्ष्मी हाय ती."

"कोरे बूट, अण्णा. जमिनीला न लागलेले. दाराशी स्टुलावर बसून मी माझी मी बदलेन, आत फक्त तेच वापरेन. अनवाणी पायाला तेल लागतं, त्यापेक्षा स्वच्छ."

"कोरं?"

"एकदम कोरं."

"मग चालतंय की," अण्णा म्हणाले. माझा कप अजून गरम होता.

मालकांनो, हे मी तुमच्यासाठी लिहितेय. तुमच्याकडे आजारातून, अपघातातून कुणी परत आलं, किंवा जन्मापासून अधू असलेलं कुणी काम मागायला आलं, तर रॅम्पचं सिमेंट आणायच्या आधी त्या माणसाला बाजूला बसवून विचारा, हे काम करायला तुला काय लागेल? सगळ्यांसमोर विचारू नका, सगळ्यांसमोर माणूस "काही नको" म्हणतं. आणि दोन-तीन महिन्यांनी परत विचारा, कारण अंग बदलत राहतं. माझ्या बाबतीत लागलं ते एवढंच: बुटांची जोडी, दाराशी स्टूल आणि धरायला दांडी, बाथरूमचं बाहेर उघडणारं दार, आणि दुपारी पाय लांब करायला थोडा वेळ. जड वस्तू टेबलावर बाबासो ठेवून देतो, ते तो माझ्या आधीच्या माणसासाठीही करायचा.

नंतर स्टोअरच्या कामासाठी एक गृहस्थ आले होते, मळणी यंत्रात त्यांचा एक हात गेलेला. अण्णांनी सवयीनं सुरू केलं, "हात कसा गेला वो पावणं?" मी म्हटलं, "अण्णा, हात कसा गेला ते राहू दे, काम कसं करणार ते विचारा." त्यांनी विचारलं. गृहस्थांनी उठून बोल्टचं खोकं छातीशी दाबून धरलं, एका हातानं त्याची पट्टी कापून दाखवली आणि म्हणाले, "मांडणी कमरेच्या उंचीवर करून दिलीसा तर बास." ते आजही स्टोअर बघतात.

लाल रंग

एवढं झाल्यावरही एक गोष्ट राहिलीच होती. मी आत जात होते, चालत, माझ्या बुटांत. माझं काम करत होते. पण माझ्याशी बोलताना सगळ्यांचे आवाज खाली यायचे. माझं माप चुकलं तर बाबासो गुपचूप परत मापून आणायचा आणि "यंत्र गरम झालंतं वाटतं" म्हणायचा. मी चुकूच शकत नाही असं सगळ्यांनी ठरवून टाकलं होतं. त्याचा अर्थ माझ्या कामावर काही अवलंबूनच नाही, एवढाच होता.

मग एका दुपारी मी खरोखर चुकले. ड्रॉइंग बदललेलं होतं, मी जुनंच समोर ठेवलं आणि त्याप्रमाणे अख्खा लॉट मापला. सगळा चांगला माल नापास केला. एकेका भागावर लाल रंग मारून रांगेत मांडून ठेवला, वर आणि समाधानानं बघितलं. माल न्यायला गाडी बाहेर उभी होती.

अण्णा आले, ड्रॉइंग बघितलं, माल बघितला. आणि त्यांचा आवाज काचेतून पार शेवटच्या मशीनपर्यंत गेला.

"वैशाली! डोकं घरात ठेवून आलीयास व्हय? चांगला माल लाल करून ठेवलास! तारीख बघायची न्हाय ड्रॉइंगवरची? गाडीवाल्याला काय सांगू मी?"

मशिनं थांबली. बाबासो धावत आला, दारात चप्पल काढायचंही त्याला भान नव्हतं. "अण्णा, असू दे की. ताईंची तब्येत..."

"बाबासो, गप बस," मी म्हटलं. "चूक माझी आहे."

"मग पुस सगळं!" अण्णा माझ्याकडं बोट करून ओरडले. "गाडी आज गेली पायजे. आजच!"

मी थिनर आणि चिंध्या मागवल्या. सहा-सात जण मदतीला धावले, मी दोघांनाच ठेवून घेतलं आणि बाकीच्यांना कामाला लावलं. माझी बोटं लवकर दमतात, मध्ये मध्ये थांबावं लागलं. अण्णा दर थोड्या वेळानं येऊन "झालं का न्हाय अजून?" म्हणून खेकसून जात होते. अंधार पडायच्या आत माल चढला आणि गाडी गेली.

घरी आले तर विलासनी दारातच विचारलं, "डोळे का लाल झालेत? काय झालं?"

"अण्णा ओरडले."

"कुणावर?"

"माझ्यावर. सगळ्या शॉपसमोर."

विलास ताडकन उठले. "अशा अवस्थेत? थांब, फोन लावतो त्यांना."

मी फोन त्यांच्या हातातून काढून घेतला. मला हसूही येत होतं आणि रडूही, आणि त्यांना काही समजत नव्हतं.

"अहो, लावू नका," मी म्हटलं. "बाबासोवर ओरडतात ना, अगदी तस्से ओरडले."